सहा लाख अकरा हजार नऊशे त्रेपन्न

मार्च उजाडला की आमच्या कॉलेजातल्या बाकांवर आकडे उमटतात. प्रत्येक बाकावर एक, खडूनं लिहिलेला, ठसठशीत बैठक क्रमांक. मी कोथरूडमध्ये अकरावी-बारावीला गणित शिकवते, गेली चौदा वर्षं. परीक्षेच्या दिवसांत मला वर्गावर उभं राहायचं काम असतं. तीन तास बोलायचं नाही, वाचायचं नाही, बसायचं तर मुळीच नाही. डोक्यावर पंखा कुरकुरत असतो, खिडकीबाहेर शिरीषाच्या वाळक्या शेंगा खुळखुळतात आणि मी दोन रांगांमधून येरझाऱ्या घालत असते. चालता चालता डोळे बाकांवरच्या आकड्यांवर पडतात आणि नको म्हणत असतानाही मनात सुरू होतं. अंकांची बेरीज कर. तीननं जातो का? सातनं? अकरानं? मुलं डोकी खाली घालून लिहीत असतात आणि मी त्यांच्या क्रमांकांचे तुकडे करत फिरते. एखादा आकडा तीननं गेला की माझी पावलं थांबतात. त्या बाकावरच्या मुलीकडे मी उगाच दोनदा पाहते.

ही सवय मला एका मार्चनं लावली. त्या वर्षी परीक्षा आणि रमजान एकाच महिन्यात आले होते. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. सगळे ऋतू हिंडून पुन्हा त्याच जागी यायला त्याला बत्तीस-तेहेतीस वर्षं लागतात. म्हणजे तशी गाठ पुन्हा पडेल तेव्हा मी सत्तरीत असेन, किंवा नसेन. हे गणित मी बऱ्याचदा करते आणि दरवेळी मला थोडं बरं वाटतं.

सलीम माझा धाकटा भाऊ. माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान. खराडीत एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासण्याचं काम करायचा. "आपा, दुसऱ्यांच्या चुका शोधायचे पैसे मिळतात मला, तुझ्यासारखंच," असं म्हणायचा आणि स्वतःच हसायचा. रमजानच्या पहिल्या आठवड्यात त्याला ताप आला. दोन दिवस आम्ही त्याला साधा ताप समजलो. तिसऱ्या दिवशी दुपारी तो स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला आणि अम्मीला म्हणाला, "ते काय म्हणतात ते दे ना, पाणी प्यायचं." पेला हा शब्द त्याला सापडत नव्हता. अम्मीनं पेला हातात दिला तोवर त्याचं अंग ताठ झालं होतं, डोळे वर गेले होते आणि पेला फरशीवर होता.

मेंदूला सूज, असं डॉक्टरांनी सांगितलं. कशामुळे, ते शेवटपर्यंत नक्की कळलं नाही. अतिदक्षता विभागात त्याला यंत्राच्या श्वासावर ठेवलं. आम्हाला एक गुलाबी पास मिळाला. दिवसातून एकदा, एका माणसानं, दहा मिनिटं. पासवर त्याचं नाव होतं, वय होतं आणि रुग्ण क्रमांक होता, ६११९५३.

अतिदक्षता विभागाबाहेर एक लांबट हॉल होता. भिंतीला टेकून लोखंडी खुर्च्या आणि समोर एक पाटी: 'नातेवाइकांनी वारंवार चौकशी करू नये. काही झाल्यास कळवले जाईल.' पुण्यात जन्म काढल्यामुळे पाट्यांचं मला काही वाटत नाही. पण त्या पाटीखाली बसून, आपल्याला काही कळू नये अशी आस धरून दिवस काढणं म्हणजे काय, ते तिथंच कळलं. आतलं दार उघडलं की पन्नास डोळे वर व्हायचे. सिस्टर एक नाव घ्यायची. ज्याचं नाव नसेल तो श्वास सोडायचा. ज्याचं असेल त्याच्याकडे कुणी बघायचं नाही.

अब्बा सकाळी तिथं यायचे. रविवार पेठेत त्यांचं बुक बाइंडिंगचं छोटं दुकान आहे. त्या दिवसांत ते बंदच होतं, पण अब्बांच्या सदऱ्याच्या खिशात कागदाच्या कातरणी असायच्याच. पुस्तकाच्या कडा कापल्यावर ज्या लांब, बोटभर रुंद पट्ट्या उरतात, त्या. आयुष्यभराची सवय, टाकवत नाहीत. कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून ते तस्बीहचे मणी ओढायचे. अम्मी घरी नमाजाच्या मुसल्यावरून उठत नव्हती. मला मात्र दुआ जमत नव्हती. हात वर केले की शब्दच यायचे नाहीत. सलीमला पेला सापडला नव्हता ना, तसंच.

हॉलमधल्या तिसऱ्या दिवशी मी त्या पासकडे बघत बसले होते. किती तास बघत होते, सांगता येणार नाही. मग अब्बांच्या खिशातली एक पट्टी काढून घेतली आणि तिच्यावर मांडला भागाकार. सहा लाख अकरा हजार नऊशे त्रेपन्न भागिले सात. बाकी सहा. अकरानं भागलं, बाकी एक. तेरानं, बाकी चार. सतरानं भागलं, पुन्हा चार. एकोणीसनं भागून बाकी एक आली तेव्हा लक्षात आलं, की इतका वेळ मला दाराचा आवाज ऐकू आला नव्हता.

ज्या संख्येला एक आणि ती स्वतः यांखेरीज कशानंच पूर्ण भाग जात नाही, तिला मूळ संख्या म्हणतात. हे सहावीतली मुलंही जाणतात. मोठी संख्या मूळ आहे की नाही हे नुसतं बघून कळत नाही. तिच्या चेहऱ्यावर काहीच लिहिलेलं नसतं. एकामागून एक भागून बघावं लागतं. त्यातल्या त्यात सोय एवढीच, की वर्गमूळापर्यंत गेलं की पुरे. संख्येचे दोन तुकडे होणार असतील, तर त्यातला लहान तुकडा वर्गमूळाच्या आतच सापडतो. माझ्या संख्येचं वर्गमूळ सातशे ब्याऐंशीच्या जरासं पुढे. सातशे ब्याऐंशीच्या आत मूळ संख्या एकशे सदतीस, शेवटची सातशे त्र्याहत्तर. म्हणजे एकशे सदतीस भागाकार. फोनवर हे काम डोळ्याचं पातं लवायच्या आत झालं असतं. मला ते तसं व्हायला नको होतं.

आणि मग मी ते केलं, जे कुठल्याही विद्यार्थ्यानं केलं असतं तर मी वर्गाबाहेर काढलं असतं. मी मनात पैज लावली. हा आकडा फुटला नाही, तर सलीमही फुटणार नाही.

कुणाशी पैज, ते ठाऊक नाही. हा निव्वळ खुळेपणा आहे हे मला त्या क्षणीही कळत होतं. दाखल होणाऱ्या माणसांना ओळीनं दिलेला तो एक क्रमांक. आदल्या माणसाला जरा उशीर झाला असता तर सलीमला दुसराच आकडा मिळाला असता. पण बुडणाऱ्या माणसाला हे सांगून बघा. माझ्याकडे शब्द नव्हते, भागाकार येत होता. मी भागत सुटले.

"ताई, सकाळपासून काय लिहून राह्यल्या?"

शेजारच्या खुर्चीवरच्या बाईनं विचारलं. कुंदाताई. मूळच्या यवतमाळकडच्या, नवरा हडपसरला कारखान्यात कामाला, बारा वर्षं पुण्यात. त्यांच्या नवऱ्याला, गजाननला, आम्ही आलो त्याच दुपारी आणलं होतं. डोक्यात गाठ होती आणि तिच्यातून रक्त झिरपत होतं. पण तो शुद्धीवर होता. बोलायचा, मधेच विसरायचा, पुन्हा बोलायचा. कुंदाताई भेटून आल्या की हॉलमध्ये सांगायच्या, आज काय म्हणाला. "म्हणे, पगाराची चिठ्ठी आली का पाहा." "म्हणे, तू जेवली का." आमच्यातल्या बाकी कुणाच्याच आतल्या माणसाला बोलता येत नव्हतं. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत ऐकायचो.

मी त्यांना सांगितलं काय करतेय ते. लपवायची ताकद नव्हती. त्या हसल्या नाहीत. "म्हणजे तुटत नाही का पाहून राह्यल्या," त्या म्हणाल्या.

"हो."

"मले दाखवा कसं करता ते."

मी दाखवलं. संख्या सम असेल तर दोननं जाते. शेवटी शून्य किंवा पाच असेल तर पाचनं जाते. तीनसाठी अंकांची बेरीज करायची, बेरीज तीनच्या पाढ्यात असेल तर संख्या तीननं जाते. "बघा, सहा, एक, एक, नऊ, पाच, तीन. पंचवीस. पंचवीस तीनच्या पाढ्यात नाही. म्हणजे सुटलो." मी वर्गात बोलते तशी बोलत होते. चार दिवसांत पहिल्यांदा माझा आवाज माझ्यासारखा निघाला.

त्यानंतर त्या माझ्याजवळच बसायला लागल्या. झालेल्या पट्ट्या क्रमानं लावून केसांच्या पिनेत अडकवून ठेवायच्या. संध्याकाळी रोजा सोडायच्या वेळी अब्बा खजुराची पुडी उघडायचे, त्यातला एक कुंदाताईंच्या हातावर ठेवायचे आणि त्या तो गजाननसाठी घेऊन दाराकडे जायच्या. आत खायला नेऊ देत नसत, हे त्यांनाही माहीत होतं. दाराशी शिपाई अडवायचा, त्या परत यायच्या आणि खजूर पदराच्या टोकाला बांधून ठेवायच्या.

एकदा अब्बांनी माझ्या हातातली पट्टी उचलून डोळ्यांजवळ धरली. "काय शोधतेस बेटा एवढं?"

"बाकी," मी म्हटलं. "दरवेळी बाकी उरली पाहिजे. शून्य यायला नको."

अब्बांनी पट्टी उलटून पाहिली. मग म्हणाले, "बाकी म्हणजे उरणारा. सगळं गेल्यावर जो उरतो तो. खुदाच्या नव्याण्णव नावांतलं एक आहे ते." आणि पट्टी माझ्या मांडीवर ठेवून पुन्हा मणी ओढू लागले. मी वर्षानुवर्षं फळ्यावर तो शब्द लिहीत आले होते, घरात तस्बीहवर तो ऐकत आले होते. दोन्ही एकच असतील असं कधी मनात आलं नव्हतं. एवढं होऊनही मला दुआ आली नाही. मी पुढची संख्या घेतली.

पाचव्या दिवशी दुपारी, चारशेच्या पुढच्या एका संख्येनं भागताना बाकी शून्य आली.

मी पुन्हा पाहिलं. शून्य. समोरच्या दारामागे सलीम होता, नळ्यांमध्ये, छाती यंत्राच्या तालावर वर-खाली होत असलेला, आणि इकडे माझ्या मांडीवर त्याचे दोन सरळ तुकडे पडले होते. मी उठले, दारापर्यंत गेले आणि काचेवर हात ठेवून उभी राहिले. शिपाई म्हणाला, "मॅडम, तुमची वेळ झाली नाही अजून." त्याला वेगळं म्हणायचं होतं. मला त्यात सलीमची वेळ भरत आलेली ऐकू आली. मी तिथंच फरशीवर बसले.

कुंदाताईंनी मला खुर्चीवर आणून बसवलं. माझ्या हातातली पट्टी काढून घेतली. बोट ठेवून ठेवून वरपासून खालपर्यंत वाचली. मग म्हणाल्या, "इथं हातचा इसरल्या तुम्ही. पाहा बरं."

खरंच विसरले होते. दुरुस्त केलं तेव्हा बाकी उरली. मी त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून हमसून हमसून रडले. चूक त्यांनी शोधली होती, माझ्या, गणिताच्या बाईच्या, भागाकारातली. त्याचा अर्थ काय होतो हे मला तेव्हा कळायला हवं होतं. कळलं नाही. पुण्यातली शिकलेली बाई मी. मला वाटलं, नशिबानं दिसलं बिचारीला.

त्याच संध्याकाळी त्यांनी त्यांचा पास माझ्यापुढे धरला. "आमच्या ह्यांचं बी पाहा ना, ताई."

६११९६१. सलीमच्या क्रमांकापासून आठ आकडे पुढे. माझी नजर पडली आणि बेरीज झालीसुद्धा. चोवीस. तीननं जातो.

"बघते," मी म्हटलं. "वेळ लागेल."

नंतर कित्येकदा मी त्या दोन आकड्यांकडे बघत बसले आहे. दोन विषम संख्यांमध्ये आठाचं अंतर असेल तर दोघींना एकाच वेळी भागणारी संख्या एकच, ती म्हणजे एक. आठाला जे भाग देतं ते एक सोडून सगळं सम, आणि विषम संख्येला सम संख्येनं भाग जात नाही. अशा जोडीला सहमूळ म्हणतात. एकीला जे मोडतं ते दुसरीला मोडत नाही. हे सिद्ध करायला दोन ओळी पुरतात. त्याचं काय करायचं, ते मला आजही ठाऊक नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टरीणबाईंनी कुंदाताईंना आणि त्यांच्या दिराला बोलावलं. हॉलच्या टोकालाच उभं राहून बोलणं झालं, त्यामुळे मलाही ऐकू आलं. डोकं उघडून गाठ काढता येईल. माणूस टेबलावरच जाऊ शकतो. निभावला तर बरीच वर्षं काढेल. उघडलं नाही तर थोडे दिवस, आठ, पंधरा, सांगता येत नाही. ठरवून सांगा, तासाभरात.

दीर म्हणाला, "वहिनी, गावाकडे नेऊ. निदान आईले पाहीन तो. बोलून तरी घेईन सगळ्यांशी."

कुंदाताई वळल्या. चालत माझ्यापाशी आल्या, खुर्चीवर बसल्या आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "ताई, पाहिला का नंबर?"

मी सांगू शकले असते. कुंदाताई, नंबराचा आणि माणसाचा काही संबंध नसतो, हा माझा वेडेपणा आहे, तुम्ही डॉक्टरांना नीट विचारा, दिराचं ऐका किंवा ऐकू नका, पण ह्या कागदाच्या पट्ट्यांवर जाऊ नका. सगळं बोलणं माझ्या जिभेवर तयार होतं. पण ते बोलले असते तर मलाही ते ऐकावं लागलं असतं. माझे अजून चाळीसेक भागाकार शिल्लक होते. त्या चाळीस भागाकारांवर मी उभी होते. मी खोटं बोलले ते त्यांच्या मायेपोटी, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगून पाहिलं. तसं नाही. मी माझी फळी सोडायला तयार नव्हते.

"पाहिला," मी म्हटलं. "मूळ आहे. कशानंच जात नाही."

"नक्की?"

"नक्की."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. क्षणभरच. मग उठल्या, डॉक्टरीणबाईंकडे गेल्या आणि उभ्या उभ्या सही केली. इंग्रजी अर्जावर, मराठीत, पूर्ण नाव.

सकाळी गजाननला नेलं. दुपारी बाहेर आणलं. टेबलावर तो गेला नाही, पण शुद्धीवरही आला नाही. कुंदाताई आत जाऊन यायच्या आणि हॉलमधले सगळे सवयीनं त्यांच्या तोंडाकडे बघायचे. त्या मान हलवायच्या. दोन दिवस असे गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं आणि सिस्टरनं त्यांचं नाव घेतलं.

मी खाली मान घालून भागत होते. सातशे एकोणसत्तर. बाकी उरली. मग शेवटची, सातशे त्र्याहत्तर. बाकी पाचशे दहा. संपलं. सहा लाख अकरा हजार नऊशे त्रेपन्न ही मूळ संख्या आहे. मी जिंकले होते. आतून कुंदाताईंचा आवाज येत होता. रडण्याचा नव्हता. त्या कुणाला तरी पुन्हा पुन्हा एकच विचारत होत्या, "आता काय करायचं? आता काय करायचं?"

कागदपत्रं व्हायला दुपार झाली. निघण्याआधी त्या माझ्यापाशी आल्या. पदर डोक्यावर, चेहरा कोरडा.

"तुमचा झाला का पुरा?"

"झाला."

"काय निघालं?"

"मूळ."

"बरं झालं," त्या म्हणाल्या. माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि खाली रुग्णवाहिकेकडे गेल्या. मी त्यांना तेव्हाही काही सांगितलं नाही.

सलीमनं चार दिवसांनी डोळे उघडले. लोक म्हणतात तो वाचला, आणि अम्मीपुढे मीही तसंच म्हणते. त्याचा डावा हात नीट उचलत नाही. खराडीची नोकरी गेली. आता तो अब्बांच्या दुकानात बसतो, एका हातानं खळ लावतो आणि वस्तूंची नावं विसरला की संतापून ती वस्तू भिंतीवर फेकतो. माझ्याशी तो फारसं बोलत नाही. एकदा म्हणाला, "आपा, तू तिथं बसून काय मागितलंस माझ्यासाठी?" मी म्हटलं, "तू राहावास, एवढंच." तो त्याच्या डाव्या हाताकडे बघत म्हणाला, "राहिलो."

मे महिन्यात, परीक्षांचं काम संपल्यावर, मी हडपसरला गेले. कुंदाताईंचा नंबर फोनमध्ये होता, पण असलं काही फोनवर सांगता येत नाही. बसमधून उतरले तेव्हा डांबर चपलांना चिकटत होतं. एका चाळवजा इमारतीत दुसऱ्या मजल्यावर त्यांची खोली. त्या कामावरून नुकत्याच आल्या होत्या. गजाननच्या कारखान्याजवळच त्यांना डबे भरायचं काम मिळालं होतं. मला पाहून दचकल्या नाहीत. "भाऊ कसा हाय?" विचारलं, पाणी दिलं, चहा ठेवला.

मी उभ्यानंच सांगून टाकलं. बसले असते तर जमलं नसतं. "कुंदाताई, मी खोटं बोलले होते. तुमचा नंबर मूळ नव्हता. तीननं जात होता. मला बघताक्षणी कळलं होतं."

त्यांनी गॅस बारीक केला. "मालूम हाय," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"तुम्हीच तर शिकवलं होतं, बेरीज करायची. सहा, एक, एक, नऊ, सहा, एक. चोवीस. तुमाले दाखवायच्या आधीच केली होती मी."

मी कसंबसं विचारलं, "मग काहून... मग मला कशाला विचारलंत?" त्यांचा शब्द माझ्या तोंडात आला होता.

"कोणी म्हणतच नव्हतं ना ताई. डॉक्टर म्हणत नव्हती. दीर म्हणत नव्हता. होईल, असं एकानं तरी म्हणावं मले, एवढंच पाह्यजे होतं. तुम्ही म्हटलं. खोटं होतं ते दिसत होतं तुमच्या तोंडावर. तरी म्हटलं ना." चहा उतू जायला आला, त्यांनी तो उतरवला. आणि मग पातेल्याकडे बघतच, त्याच आवाजात, म्हणाल्या, "पण नसतं म्हटलं, तर नेलं असतं मी घरी. आठ-पंधरा दिवस बोलला असता तो."

त्यांनी चहा दोन कपांत गाळला.

"त्याच्यात काय काय बोलला असता, ते मी रोज काढून पाह्यते," त्या म्हणाल्या. "कामावर डबे भरताना. आज हे म्हटला असता, उद्या ते. पंधरा दिवसाचं बोलणं हाय ताई, संपून नाही राह्यलं."

त्यांनी मला माफ केलं का, ते मी विचारलं नाही. माफी नव्हती आणि रागही नव्हता. दोन्हीपैकी काहीही एक असतं तर मला ते घेऊन घरी जाता आलं असतं. मी चहा प्यायले. त्यांनी मला जिन्यापर्यंत सोडलं.

तेव्हापासून मार्चमध्ये मी त्यांना फोन करते. सुरुवातीला काय बोलावं ते आम्हा दोघींनाही कळायचं नाही. ऊन, भाव वाढले, सलीम, डबे. मग एका वर्षी मी धीर करून विचारलं. आता तेवढंच विचारते. या वर्षीही परवा, तीन तास वर्गावर उभी राहून बाहेर आले आणि कॉलेजच्या फाटकापाशी सावलीत थांबून फोन लावला.

"कुंदाताई, आज काय म्हणाले?"

पलीकडे डब्यांचा खणखणाट थांबला. त्यांनी थोडा वेळ घेतला, त्यांना नेहमी लागतो तेवढा.

"आज म्हणे," त्या म्हणाल्या, "की कुंदा, खिडकी लावून घे, ऊन तोंडावर येऊन राह्यलं."